गवंडी कामाची शाळा निवडताना आधी आवारातल्या विटा मोज

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणानं विचारलं आहे. वय एकोणीस, दहावी पास, बारावीला दोन विषय राहिलेत. मामा मडगावला गवंडी आहेत. ते म्हणतात, "शाळा कशाला, सरळ माझ्याबरोबर चल." घरच्यांना वाटतं, रीतसर शिकून दाखला घ्यावा. समोर तीन वाटा आहेत: सरकारी आयटीआयमधला एक वर्षाचा गवंडी ट्रेड, दोन-तीन महिन्यांचा मोफत कोर्स आणि पस्तीस हजार फी घेऊन 'नोकरी हमखास, परदेशातसुद्धा' असं सांगणारी एक खासगी संस्था. शेवटी त्यानं लिहिलंय, "मला कन्नड नीट वाचता येत नाही. यातली कुठली शाळा चांगली?"

बाळ, वयानं तू माझ्या भाच्याएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मी अठ्ठावीस वर्षं बांधकामावर आहे. पहिली तीन वर्षं बिगारी होतो, मग गवंडी झालो, आणि गेली बारा-तेरा वर्षं स्वतः घरांची कामं घेतो. माझ्या हाताखाली आयटीआय केलेली पोरं आली, तीन महिन्यांचा कोर्स केलेली आली, आणि शाळेचं तोंड न बघता बापाच्या हाताखाली शिकलेलीही आली. तिन्ही प्रकारांत चांगले कारागीर निघालेले मी पाहिलेत आणि तिन्ही प्रकारांत वाया गेलेलेही. म्हणून 'अमुक शाळा चांगली' असं नाव मी देणार नाही. शाळा कशी पारखायची, ते सांगतो.

आधी शाळेत नेमकं मिळतं काय, ते समजून घे. साइटवर बिगाऱ्याच्या हातात कुणी थापी देत नाही. गवंडी वाईट असतात म्हणून नव्हे. भिंत मालकाची असते, वीट आणि सिमेंट पैशाचं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अमुक एवढं काम उठवायचं असतं. मी माझ्या चुलत्यांच्या हाताखाली होतो, सख्खा पुतण्या, तरी तीन वर्षं विटा जोडायचा माल कालवणं, घमेली वाहणं, विटा भिजवणं हेच केलं. थापी हातात यायची ती दुपारच्या सुट्टीत. चुलते भाकरी खायला बसले की उरलेला माल घेऊन मी एका कडेला चार विटा मांडायचो, आणि ते उठायच्या आत त्या काढून धुऊन ठेवायचो. त्या तीन वर्षांत मला बांधकाम कळलं, पण हात बसायला पुढची दोन वर्षं गेली.

शाळेत ही एक गोष्ट वेगळी असते. तिथं भिंत चुकली तर पाडता येते. मालक ओरडत नाही, कुणाच्या घराचं नुकसान होत नाही. चुकायचं, का चुकलं ते बघायचं, पाडायचं, पुन्हा बांधायचं. ही सोय साइट देऊ शकत नाही, आणि शाळेत एवढंच नसेल तर इमारत, संगणक, गणवेश, भिंतीवरचे फोटो यांचा तुला काही उपयोग नाही. तेव्हा तुझा खरा प्रश्न असा आहे: कुठल्या ठिकाणी तुझ्या हातून जास्तीत जास्त वेळा भिंत उठेल, आणि जाणता माणूस दरवेळी शेजारी उभा राहून ती तपासेल?

काही गोष्टी तुझ्या घरच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. एक वर्ष कमाई नसली तर घर चालेल का, हे तुलाच ठाऊक. पुढं मामांबरोबर गोव्यात काम करायचंय, इथं स्वतःची कामं घ्यायचीत, आखातात जायचंय की सरकारी जागेसाठी अर्ज करायचाय, यावरही दाखल्याची किंमत बदलते. त्याकडं नंतर येतो. आवार बघायची रीत मात्र सगळ्यांसाठी एकच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भाच्यासाठी आम्ही दोन ठिकाणं बघितली. नावं सांगत नाही. पहिल्या ठिकाणी पुढं चकचकीत कचेरी, पाणी विचारलं, माहितीपत्रक दिलं. "आवार दाखवा" म्हटल्यावर किल्ली शोधायला दहा मिनिटं गेली. मागं तीन भिंती उभ्या होत्या, कमरेएवढ्या, छान ओळंब्यात, म्हणजे अगदी उभ्या सरळ, पण त्यांच्या पायाशी शेवाळ धरलेलं. म्हणजे निदान एक पावसाळा त्या भिंती तशाच उभ्या होत्या. पोरांनी त्या बांधल्या असतील तर मागच्या वर्षीच्या पोरांनी. फळीवर थाप्या ओळीनं टांगलेल्या, त्यांच्या मुठींवरचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. मी एक थापी हातात घेतली, पात्याचं टोक अजून अणकुचीदार होतं. रोज वापरलेल्या थापीचं टोक सहा महिन्यांत गोल होतं, आणि ज्या बाजूनं माल ओढतो ती कड झिजून आत जाते.

दुसऱ्या ठिकाणी पाटीसुद्धा धड नव्हती. दुपारचे तीन वाजले होते. पत्र्याच्या छपराखाली आठ-दहा पोरं दोघा-दोघांच्या जोड्यांनी भिंतीचे कोपरे चढवत होती. निदेशक साठीच्या घरातले, धोतर-टोपीवाले. एका पोराचा कोपरा सहा थर वर आला होता. त्यांनी ओळंब्याची पट्टी वरच्या विटेला टेकवली आणि दोरी सोडली. खाली ओळंबा भिंतीपासून बोटभर सुटून लोंबत राहिला, म्हणजे कोपरा वर येईल तसा पुढं झुकलेला. ते काही बोलले नाहीत, ओळंबा पोराच्या हातात दिला आणि म्हणाले, "कुठल्या थरापासून गेलास ते तूच सांग." पोरगं खालून एकेक थर तपासत वर गेलं आणि तिसऱ्यावर थांबलं. तिथं त्यानं बाहेरच्या अंगाला माल कमी आणि आतल्या अंगाला जास्त टाकला होता, म्हणून वीट पुढं कलली, आणि वरच्या तिन्ही विटा तिच्यामागून गेल्या. "आता तिसऱ्यापर्यंत काढ." पोरानं थर काढले, थापीच्या पाठीनं विटा खरवडल्या आणि टबात टाकल्या. माल चुन्या-मातीचा होता, म्हणून विटा सहज सुटत होत्या.

भाच्याला मी तिथंच घातला.

यातून तुला तपासायच्या गोष्टी कळल्या असतील. सांगून जाऊ नकोस, कामाच्या दिवशी दुपारी जा. सकाळी वर्ग असतो, हाताचं काम दुपारी दिसतं. भिंती अर्धवट, ओल्या, पाडलेल्या दिसल्या तर चांगलं लक्षण. थाप्या, रंधे, ओळंबे झिजलेले असावेत. विटांचा ढीग बघ, विटांना जुना माल चिकटलेला असला तर त्या पुन्हा पुन्हा वापरल्या जातात असं समज. सरावाला चुन्या-मातीचा माल वापरतात म्हणून नाक मुरडू नकोस, त्याशिवाय विटा परत मिळत नाहीत. फक्त एवढं विचार की सिमेंटचा माल कधी हाताळायला देतात. सिमेंट लवकर ओढतं, पाणी टाकल्यापासून अर्ध्या तासात तो माल भिंतीत गेलेला बरा, आणि ती घाई अंगवळणी पडायला खरा सिमेंटचा मालच लागतो.

विटांचा हिशेब मात्र कागदावर मांड. नऊ इंच, साडेचार इंच, तीन इंच अशी वीट धर. नऊ इंची भिंतीला एका चौरस फुटाला साधारण १० विटा लागतात. म्हणजे ४ फूट लांब आणि ४ फूट उंच भिंतीला १६० विटा. वर्गात २४ पोरं असतील आणि दोघांत एक भिंत दिली, तर १२ भिंतींना १,९०० च्या वर विटा एकावेळी हव्यात. शाळेत ५०० विटाच असतील तर एका वेळी तीन भिंती उठतात. सहा पोरं बांधणार, अठरा बघत बसणार. बघून गवंडी काम येत नाही. प्रवेशाच्या वेळी कुणी हे विचारत नाही, तू विचार. "साहेब, आवारात विटा किती? एका बॅचला पोरं किती? हाताखाली शिकवायला निदेशक किती, आणि त्यांनी स्वतः साइटवर किती वर्षं काम केलं?" उत्तर देताना माणूस उत्साहानं बोलू लागला तर तिथं काम चालतं असं समज.

निदेशकाच्या बाबतीत आणखी एक. त्याचे हात बघ. सिमेंटमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाची बोटं ओळखू येतात, नखांच्या कडा आणि बोटांच्या पेरांवरचं कातडं सांगतं. डिप्लोमा झालेले तरुण निदेशक नकाशा आणि अंदाजपत्रक फार छान शिकवतात, तेही हवंच. पण दोघांपैकी एक तरी हाताचा माणूस असला पाहिजे.

आता आपल्या भागाचं. शाळेतला अभ्यासक्रम विटेभोवती फिरतो: वीटकाम, ब्लॉकचं काम, गिलावा, फरशी, काँक्रीटची ओळख. विटेच्या बाबतीत तू नशीबवान आहेस, खानापूरची माती विटांसाठीच नावाजलेली, केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थासुद्धा तिथंच आहे. पण आपल्याकडचा गवंडी नुसत्या विटेवर चालत नाही. जांबोटी, कणकुंबीच्या अंगाला गेलास की जांभा चिरा, इकडं सपाटीला काळा दगड. चिरा खाणीतून काढतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की कडक होतो, म्हणून तो कधी घडायचा आणि कधी भिंतीत बसवायचा याला वेळ असते. काळा दगड उलटा, आधीपासूनच कठीण, त्याला छन्नी कुठून लावायची हे पाथरवटाकडूनच शिकावं लागतं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुला मी सांगायला नको. पायाला आणि जोत्याला काय वापरलं, दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कशा भरल्या, यावर तिथलं घर टिकतं.

दगडी भिंतीचं शिक्षण मी एवढं का धरून बसतो, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी अजून बिगारीसुद्धा नव्हतो. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन पदरांत फाटल्या आणि झोपलेल्या माणसांवर आल्या. दोन पदर बांधून ठेवणारे आरपार दगड त्या भिंतींत नव्हते. अर्ध्या चौरस मीटरला निदान एक आरपार दगड हवा. दगड दिसायला सारखाच, मेहनत तेवढीच, फरक फक्त गवंड्याला ठाऊक असण्याचा. आणि आपल्याकडं ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठची मातीची घरं कशी बसली, ते तू स्वतः बघितलं असशील. म्हणून शाळेत विचार, "दगडाचं काम शिकवता का?" बहुतेक ठिकाणी थोडं शिकवतात. कमी पडेल ते साइटवर भरून काढावं लागेल, पण विचारून ठेव.

आता तुझ्या तीन वाटा.

आयटीआयमध्ये या ट्रेडला 'गवंडी (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)' म्हणतात. एक वर्षाचा आहे, प्रवेशाला आठवी पास लागते, तू दहावी आहेस म्हणजे अडचण नाही. शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारा राष्ट्रीय प्रमाणपत्राचा दाखला मिळतो. वर्षभरात हाताच्या कामाला सगळ्यांत जास्त तास इथंच मिळतात, आणि सरकारी संस्थेत फी अगदी थोडी. दोन अडचणी आहेत. हा ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. फिटर, इलेक्ट्रिशियन सगळीकडं, गवंडी मोजक्या ठिकाणी. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या यादीत ट्रेड आणि जागा बघ, नाहीतर कुणीतरी 'जागा शिल्लक आहे' म्हणून दुसऱ्याच ट्रेडला तुझं नाव लावेल. दुसरं, खासगी आयटीआय असेल तर तिला केंद्राची संलग्नता कुठल्या ट्रेडसाठी आहे ते तपास. संस्थेला मान्यता असते, पण नेमका तुझाच ट्रेड त्यात नसतो, असं होतं.

आयटीआयच्या दाखल्याचा खरा उपयोग सरकारी जागांसाठी. सीमा सडक संघटना, म्हणजे बीआरओ, गवंड्यांची भरती करते तेव्हा दहावीबरोबर या कामाचा आयटीआयचा दाखला मागते. बेळगावात कॅम्प आणि मराठा सेंटर असल्यामुळं लष्कराच्या बांधकामांची आपल्याला सवय आहे, तिकडं जायचं मनात असेल तर आयटीआयच कर, दुसरं काही नको. आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिपची सोयही आहे, मोठ्या कंपनीत विद्यावेतन घेऊन शिकता येतं.

मोफत छोट्या कोर्सचे दोन-तीन प्रकार आहेत आणि लोक ते सगळे एकच समजतात. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालचे कोर्स खासगी केंद्रं चालवतात, दोन-तीन महिन्यांचे असतात, आणि बांधकाम कौशल्य परिषदेकडून परीक्षा होते. तिथं एक बघ, दाखल्यावर 'सहायक गवंडी' लिहिणार की 'गवंडी'. दोन्ही वेगळे दर्जे आहेत, आणि ठेकेदार मजुरी ठरवताना तेच वाचतो. दुसरा प्रकार आरसेटीचा, बँकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. याची मूळ कल्पना कर्नाटकातलीच, १९८२ साली धर्मस्थळाजवळ उजिरेला सुरू झाली. राहणं, जेवण, शिकणं, सगळं मोफत. ग्रामीण घरकुल योजनेखाली गवंड्यांचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्यात खरं घर बांधत शिकवतात. ते मला सगळ्यांत आवडतं. पण तुझ्यासारख्या अगदी नवख्याला ४५ दिवस कमी पडतात. ज्यानं आधी वर्षभर बिगारी केली त्याला ते सोन्यासारखं. तिसरा प्रकार मोठ्या बांधकाम कंपन्यांचा. एल अँड टीची अशी संस्था पनवेलला आहे, बेंगळुरूलाही आहे. साधारण तीन महिने, फी नाही, राहायची सोय. तिथली शिस्त पक्की असते, हेल्मेट, बूट, परांचीचे नियम अंगात भिनतात. शिकल्यावर मात्र कंपनीच्या साइटवर, देशात कुठंही जायची तयारी लागते, आणि त्या साइटींवर काम काँक्रीटचं जास्त, दगड-विटेचं कमी.

पीएम विश्वकर्माचंही लोक विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ती योजना १८ कारागिरींसाठी आहे, त्यात गवंडी आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, नंतर कमी व्याजाचं कर्ज. पण ती आधीच काम करणाऱ्यासाठी आहे, शिकायला निघालेल्यासाठी नाही. मामांना सांग.

आणि ते पस्तीस हजार. तिथं माझं मन दुखतं, कारण माझ्या घरात हे घडलंय. थोरल्या बहिणीच्या मुलानं, धाकट्याला मी घातला त्याच्या मोठ्या भावानं, काही वर्षांपूर्वी अशाच एका ठिकाणी पैसे भरले. बहिणीनं पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. तीन महिन्यांत त्याच्या हातून दोन भिंती उठल्या, दाखला मिळाला, नोकरी म्हणून हुबळीच्या एका साइटवर बिगारी मिळाली. त्याच्याबरोबरच्या बिगाऱ्यांनी एक पैसा भरला नव्हता. माझ्या साइटवर आला तेव्हा सुताला धरून सरळ विटा मांडायचा बरा, पण कोपरा वळवताना अद्धा, म्हणजे अर्धी वीट, कुठं घालायचा हे त्याला ठाऊक नव्हतं. सांधा खालच्या सांध्यावरच यायचा. पोरगं हुशार होतं, वर्षभरात शिकलं, पण बहिणीच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

फी घेणारी प्रत्येक संस्था वाईट असं मी म्हणत नाही. पण जे सरकार आणि कंपन्या मोफत देतात त्याला पस्तीस हजार कशाबद्दल, हे त्यांनी तुला आवारात उभं राहून दाखवावं. मागच्या बॅचच्या चार पोरांचे फोन नंबर माग, संस्थेनं निवडलेले नकोत, हजेरीपटावरून तू बोट ठेवशील ते. त्यांना एकच विचार, "पहिल्या दिवशी साइटवर थापी मिळाली की घमेलं?" आणि परदेशाच्या गोष्टी फीच्या पावतीत मिसळू देऊ नकोस. शिकवणं हे एक काम, परदेशी माणसं पाठवणं हे दुसरं, त्यासाठी केंद्र सरकारकडं नोंदणी झालेला एजंटच लागतो आणि त्याचा परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघता येतो. तू दहावी पास आहेस याचा इथं फायदा आहे, दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर आखातात जाताना वेगळी परवानगी लागते. दहावीची गुणपत्रिका जपून ठेव आणि पासपोर्ट काढताना जोड.

भाषेचं बोलू. कन्नड वाचता येत नाही म्हणून तू घाबरलायस, ते मला पुरेपूर कळतं, कारण मीही मराठी शाळेतच शिकलो. इकडच्या आयटीआयमध्ये शिकवणं कन्नड आणि इंग्रजीत. हाताच्या कामात त्याची अडचण वाटते तेवढी होत नाही. मराठीत गवंडी, कन्नडात गौंडी. वीट तिकडं इट्टिगे, भिंत गोडे. मोजमाप फूट, इंच, मिलिमीटर, ते सगळीकडं सारखं. माझ्या साइटवर रायबागचे, गोकाकचे, बैलहोंगलचे कन्नड गवंडी वर्षानुवर्षं आहेत, आणि आमच्यात कामापुरतं कधी अडलं नाही. अडचण येते ती लेखी पेपरात आणि निदेशक चूक समजावतो त्या क्षणी. म्हणून प्रवेशाआधी दोन गोष्टी विचार: परीक्षेचा पेपर कुठल्या भाषांत मिळतो, आणि निदेशकांना मराठी समजतं का. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बहुतेकांना समजतं. कन्नड वाचायला मात्र शिकच. पुढं इथंच कामं घेशील तर कामगार खात्याचे अर्ज, पंचायतीचे कागद सगळे कन्नडात, आणि अर्ज वाचून दाखवायला माणूस शोधत फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली.

चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं मराठीतून शिकता येईल हा विचारही योग्य आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी महाराष्ट्राच्या बऱ्याच प्रवेशांत तरतूद असते. तुझं गाव त्या यादीत आहे का आणि दाखला कुणाचा लागतो, हे त्या वर्षीच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वाच, आणि फॉर्म भरण्याआधी तिथल्या आयटीआयमध्ये जाऊन विचारून ये. फक्त रोजच्या एसटीचा हिशेब कर. दोन तास जाणं, दोन तास येणं असेल तर दुपारच्या कामाला अंगात ताकद राहत नाही.

राहिले मामा. मामांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शाळेतून कुणी पूर्ण गवंडी होऊन बाहेर पडत नाही. नऊ इंची भिंतीत चांगला गवंडी एका बिगाऱ्याच्या साथीनं दिवसाला ५०० ते ६०० विटा लावतो. शाळेतून निघालेलं पोरगं २०० वर असतं आणि तेवढ्यात त्याची कंबर बसते. हा वेग साइटवरच येतो. उरलेली अर्धी गोष्ट अशी की मामांकडं थेट गेलास तर तुझा हात त्यांच्यासारखा होईल, त्यांच्या चुकांसकट. माझे चुलते उत्तम गवंडी, पण एका दिवसात भिंत डोक्यापर्यंत चढवायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ओल्या मालावर वजन आलं की खालचे थर दबतात, भिंत पोटाला येते. दिवसाला दीड मीटरच्या वर चढवू नये हे मला पस्तिशीत एका इंजिनिअरनं सांगितलं. का, तेही समजावलं. शाळेत हे पहिल्या महिन्यात कळतं. साडेचार इंची भिंतीला एकास चार माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) का आणि नऊ इंचीला एकास सहा का चालतो, भिंतीला सात दिवस तरी पाणी का मारायचं, ३, ४ आणि ५ फुटांच्या त्रिकोणानं काटकोन कसा पडतो, हे 'का' सांगायला साइटवर कुणाला वेळ नसतो.

तुझ्या जागी माझा मुलगा असता तर मी असं केलं असतं. घर वर्षभर थांबू शकत असेल तर गवंडी ट्रेड असलेली सरकारी आयटीआय, आवार बघून. सुट्टीत मामांकडं बिगारीला, तेही थापी मिळण्याची अट घालून. घर थांबू शकत नसेल तर आत्ता सहा-आठ महिने मामांबरोबर, आणि मग घरकुल योजनेचं ते ४५ दिवसांचं प्रशिक्षण. त्या क्रमानं गेलास तर ४५ दिवसांत जे मिळेल ते नवख्याला वर्षात मिळणार नाही. इथं कर्नाटकात काम केलंस तर ९० दिवस भरले की बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड काढ, १८ ते ६० वयाच्या कामगाराला ते मिळतं. त्यासाठी हजेरी कुठं, कुणाकडं, किती दिवस केलीस, याची वही पहिल्या दिवसापासून ठेव.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात, तोवर रिकामा बसू नकोस. बाजारातून एक ओळंबा आण, फार पैसे पडत नाहीत. आपल्या घराच्या चारही कोपऱ्यांना लाव, मग शेजारच्या घराला, मग गावातल्या देवळाला. कुठं ओळंबा सुटतो, कुठं टेकतो, कुठं दोरी भिंतीला समांतर उतरते, ते वहीत लिही. जुन्या चिऱ्याच्या भिंतीत सांध्यावर सांधा न येऊ देता सांधे कसे मोडलेत, कोपऱ्यावर लांब दगड एक या अंगाला आणि एक त्या अंगाला कसा फिरवलाय, ते हातानं चाचपून बघ. शाळा बघायला जाशील तेव्हा ती वही निदेशकांपुढं ठेव. वही हातात घेऊन वाचतील, आणि "हा देवळाचा कोपरा का सुटला असेल?" असं तुलाच विचारतील, त्यांच्याकडं प्रवेश घे.